डबीतला वास जातो कुठे?

कंधारच्या बाजारात कटलरीच्या दुकानापुढे थोडा वेळ उभे राहिले, की एक गोष्ट हमखास दिसते. बांगड्या, रिबिनी, टिकल्या, पावडरचे डबे मांडलेले असतात. एखादी ताई स्नोची डबी उचलते, झाकण काढते आणि आधी नाकाला लावते. वास आवडला तर डबी पिशवीत जाते, नाही आवडला तर परत दुकानदाराच्या हातात. डबीवर काय लिहिले आहे ते वाचणारी एखादीच.

महिनाभराने त्याच घरात कुरबूर सुरू होते. "पहिल्या दिवशी केवढा घमघमाट होता, आता नुसता चुना लावल्यासारखं वाटतं. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला." सासू म्हणते, सुनेने झाकण उघडे ठेवले. सून म्हणते, मालच हलका होता. दोघींच्याही बोलण्यात थोडे तथ्य असते. पण खरे कारण दोघींनाही कोणी सांगितलेले नसते.

स्वतःच्या कमाईतून पन्नास-शंभर रुपये काढून घेतलेल्या वस्तूबद्दल माणसाला नीट माहिती असावी, असे आम्हाला वाटते. म्हणून या वेळी या सदरात स्नो आणि क्रीममधील सुगंधाचा विचार करू. काही जण म्हणतील, समाजापुढे एवढे मोठे प्रश्न असताना स्नो-पावडरची चर्चा कशाला? त्यांना आम्ही आठवण करून देतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या भगिनींना वेगळे बोलावून त्यांच्याशी राहणीमानाबद्दल बोलणे केले होते. स्वच्छ राहणे, लुगडे नीट नेसणे, जुन्या गुलामीची खूण सांगणारे दागिने टाकून देणे, या गोष्टी त्यांना क्षुल्लक वाटल्या नव्हत्या. तेव्हा आरशापुढे उभ्या राहणाऱ्या आपल्या लेकीला आम्ही हसणार नाही. ती जे तोंडाला लावते ते काय आहे, एवढे मात्र तिने समजून घ्यावे.

वास म्हणजे वस्तूचाच अंश

आपली मराठी भाषा शहाणी आहे. आपण म्हणतो, "वास उडाला." हे अगदी शास्त्रशुद्ध बोलणे आहे. वास म्हणजे त्या पदार्थाचेच अतिशय बारीक कण. ते पदार्थापासून सुटतात, हवेत मिसळतात आणि श्वासाबरोबर नाकात शिरतात. तिथे त्यांची ओळख पटते, तेव्हा आपण म्हणतो, मोगरा आहे, लिंबू आहे, चंदन आहे.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जो वास तुमच्या नाकापर्यंत आला, तेवढा सुगंध डबीतून गेला. तो परत येत नाही. ज्याचा घमघमाट जास्त, ते वेगाने खर्च होत असते.

हे होण्यासाठी पदार्थ उकळावा लागत नाही. दोरीवर वाळत घातलेले लुगडे उकळते का? तरी त्यातले पाणी जातेच. सुगंधाचेही तसेच आहे. मात्र सगळे सुगंधी पदार्थ सारख्या वेगाने उडत नाहीत. काही हलके, चपळ असतात. काही जड, बैठ्या स्वभावाचे असतात.

लिंबाच्या आणि संत्र्याच्या सालीत लिमोनीन नावाचा पदार्थ असतो. तो सुमारे १७६ अंश सेल्सिअसला उकळतो. आपल्या धन्यांच्या वासात मुख्य वाटा लिनॅलूलचा असतो, त्याचा उकळबिंदू १९८ अंशांच्या आसपास आहे. गुलाबपाण्याला जो वास येतो तो मुख्यतः फिनाइल इथाइल अल्कोहोलचा, ते सुमारे २२० अंशांना उकळते. चंदनाच्या तेलातील सँटालोल ३०० अंशांच्याही पुढे. उकळबिंदू जितका खाली, तितकी उडून जाण्याची घाई जास्त, असा साधारण ठोकताळा धरायला हरकत नाही.

सुगंध तयार करणारे कारागीर या तिन्ही जातींचे पदार्थ एकत्र करतात. पहिल्या झटक्याला लिंबू-संत्र्यासारखा ताजा वास, मग फुलांचा, आणि शेवटी चंदन, वाळा, कस्तुरीसारखा तळाचा वास. दुकानात झाकण उघडल्यावर आपण जो पसंत करतो तो बहुधा पहिल्या जातीचा असतो. म्हणजे जो सगळ्यांत आधी निघून जाणार, त्याच्याच भरवशावर आपण खरेदी करतो!

दूध आणि लोणी

आता स्नो म्हणजे काय ते पाहू. पाणी आणि तेल एकत्र राहत नाहीत हे स्वयंपाकघरातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. पण दुधात पाणी आणि चरबी एकत्र नांदतात. कारण दुधातील प्रथिने चरबीच्या बारीक थेंबांभोवती पांघरूण घालतात आणि त्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. अशा मिश्रणाला इमल्शन म्हणतात. दुधात पाणी जास्त आणि त्यात चरबीचे थेंब. लोण्यात उलटे, चरबी जास्त आणि तिच्यात पाण्याचे थेंब.

स्नो, म्हणजे व्हॅनिशिंग क्रीम, ही दुधाच्या जातीची. तिच्यात पाऊण भागाच्या आसपास पाणीच असते. उरलेल्यात स्टिअरिक आम्ल नावाचा मेणासारखा स्निग्ध पदार्थ, थोडे ग्लिसरीन आणि थोडा अल्कली. अल्कलीमुळे स्टिअरिक आम्लाच्या काही भागाचा साबण होतो, आणि तोच साबण बाकीच्या स्निग्ध पदार्थाला पाण्यात धरून ठेवतो. चेहऱ्यावर चोळले की पाणी उडते आणि पांढरेपणा नाहीसा होतो, म्हणून ते नाव. थंडीत ओठ-गाल फुटू नयेत म्हणून लावतात ती जुन्या पद्धतीची कोल्ड क्रीम लोण्याच्या जातीची. ती तेलकट असते आणि लवकर जिरत नाही.

आपल्या महाराष्ट्रात हा धंदा जुना आहे. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये 'अफगाण स्नो' बाजारात आणली. कित्येक घरांत स्नो म्हटले की हेच नाव आठवत असे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये परळला 'व्हिको'ची सुरुवात केली. पुढे त्या कंपनीची हळद आणि चंदनाचे तेल असलेली क्रीम खेडोपाडी पोहोचली. स्नो बनवणारा बहुतेक वेळा सुगंध स्वतः बनवत नाही. तो तयार सुगंध विकत घेतो, आणि असे सुगंध बनवणारे कारखाने वेगळे असतात. १९२२ मध्ये मुंबईत सुरू झालेली एस. एच. केळकर ही कंपनी त्यांतलीच.

किती सुगंध घालतात? सर्वसाधारणपणे शंभर ग्रॅम क्रीममध्ये अर्धा ग्रॅम, कधी कमी, कधी एक ग्रॅमपर्यंत. पन्नास ग्रॅमची डबी घेतली तर तिच्यात सुगंध पाव ग्रॅम, म्हणजे सात-आठ थेंब. एवढ्या थेंबांवर आपण अख्ख्या डबीची किंमत ठरवतो.

तेल धरते, पाणी सोडते

बहुतेक सुगंधी पदार्थांना पाण्यापेक्षा तेल जवळचे वाटते. इमल्शनमध्ये घातल्यावर ते तेलाच्या थेंबांत जाऊन बसतात. तेल जास्त असेल तर त्यांना बसायला जागा भरपूर, त्यामुळे हवेत कमी येतात. तेल कमी आणि पाणी जास्त असेल तर जागा अपुरी पडते, आणि ते हवेकडे धाव घेतात.

म्हणून एकच सुगंध, तितकाच, स्नोमध्ये आणि कोल्ड क्रीममध्ये घातला तर दोन्हींचा वास सारखा येत नाही. स्नो पहिल्याच दिवशी मोठ्याने बोलते आणि लवकर गप्प होते. कोल्ड क्रीम सुरुवातीला मंद वाटते, पण दुपारपर्यंत साथ देते. दुकानात नाकाला लावून निवडणारा माणूस पहिलीला चांगली म्हणतो आणि दुसरीला हलकी. खरे तर दोन्हींत सुगंध तेवढाच आहे.

याला अपवादही आहेत. गुलाबाचा तो फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यातही बऱ्यापैकी विरघळतो, म्हणून तर गुलाबपाणी होऊ शकते. तो तेलातही बसतो आणि पाण्यातही. त्यामुळे अनेक पदार्थांचा एक सुगंध इमल्शनमध्ये गेला की त्याची वाटणी होते. काही तेलाच्या घरात, काही पाण्याच्या घरात, आणि जे उरतात ते हवेत. बाटलीतल्या अत्तराचा वास आणि तेच घातलेल्या क्रीमचा वास वेगळा का, याचे उत्तर या वाटणीत आहे.

झाकणाखालची देवघेव

डबी बंद असताना आत काय चालते? क्रीमच्या वर थोडी मोकळी जागा असते. सुगंधाचे कण क्रीममधून सुटून त्या जागेत येतात. जागा भरली की जितके बाहेर येतात तितकेच परत क्रीममध्ये जातात. जमा-खर्च बरोबर राहतो, आणि वर्षभर डबी बंद असली तरी फारसे नुकसान होत नाही.

झाकण उघडले की वरची भरलेली हवा बाहेर जाते. तीच आपल्या नाकाला लागते आणि आपण खूश होतो. झाकण लावल्यावर ती जागा पुन्हा भरायला क्रीममधून नवे कण निघतात. दिवसातून चार वेळा उघडले तर चार वेळा हे होते. त्यात डबी अर्धी झाली की वरची मोकळी जागा मोठी आणि खाली क्रीम थोडी, म्हणजे थोड्या भांडवलातून मोठा खर्च. अर्ध्या डबीनंतर वास पटकन उतरतो तो यामुळे.

पसरट तोंडाच्या डबीपेक्षा दाबायची नळी बरी, ती याच हिशेबाने. नळीचे तोंड बारीक, आणि धातूची नळी दाबली तशीच राहते, आत हवा ओढत नाही.

प्लॅस्टिकचीही एक गंमत आहे. पातळ प्लॅस्टिकमधून पाणी गळत नाही, पण लिमोनीनसारखे तेलकट कण त्यात शिरतात आणि पलीकडे निघून जातात. संत्र्याची साल पातळ पिशवीत गाठ मारून ठेवा आणि थोड्या वेळाने बाहेरून वास घेऊन पाहा. म्हणूनच मोठ्या डब्यातली स्वस्त क्रीम पिशवीत बांधून घरी आणणे तोट्याचे आहे. कंपनी कोणती, तारीख कोणती, हेही त्या पिशवीवर नसते.

चेहऱ्यावर लावल्यावर

तोंडाला एका वेळी साधारण अर्धा ग्रॅम क्रीम लागते. डबीत ती गोळा होऊन बसलेली असते, चेहऱ्यावर ती पातळ पापुद्रा होऊन पसरते. हवेला उघडा पडणारा भाग एकदम वाढतो. खाली त्वचेची ऊब, सुमारे ३२ अंशांची. पहिल्या काही मिनिटांत पाणी वेगाने उडते आणि हलका सुगंध त्याच्याबरोबर.

पाणी गेल्यावर मागे स्निग्ध पापुद्रा राहतो. आता उरलेल्या सुगंधाला आधी त्या पापुद्र्यातून वाट काढत वर यावे लागते, मग हवेत जाता येते. त्यामुळे वेग मंदावतो. चंदनासारखे जड पदार्थ तासन्‌तास हळूहळू येत राहतात. काही भाग हवेत न जाता त्वचेतही जिरतो, हे विसरता कामा नये.

आणखी एक गोष्ट नाकाची. सतत एकच वास येत राहिला की आपले नाक त्याची दखल घेणे सोडते. म्हणून लावणाऱ्याला वाटते वास गेला, आणि शेजारी बसलेल्याला तो येत असतो. असे वाटून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा क्रीम थापण्यात अर्थ नाही.

मराठवाड्याचा उन्हाळा

आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशी ओलांडतो. पत्र्याच्या घरात तर दुपारी हात लावू नये इतके तापते. बहुतेक सुगंधी पदार्थांचा उडण्याचा जोर दर दहा अंशांना जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे पंचवीस अंशांच्या खोलीत जी डबी रुपयाचा सुगंध घालवते, ती पंचेचाळीस अंशांच्या पत्र्याखाली साडेतीन रुपयांचा घालवील.

उष्णतेने आणखी एक नुकसान होते. इमल्शन फुटते. पाणी एकीकडे, स्निग्ध भाग दुसरीकडे. शिवाय लिमोनीन आणि लिनॅलूल हवा लागून बदलतात, आणि बदललेल्या पदार्थांनी काहींच्या त्वचेला खाज आणि पुरळ येते. म्हणून आरशाशेजारी, खिडकीच्या उन्हात डबी ठेवण्याची सवय सोडावी. घरात माठ जिथे ठेवतो तो कोपरा सगळ्यांत थंड. डबी तिथेच, पण कोरड्या फळीवर ठेवावी.

वास मंद झाला म्हणजे क्रीम बिघडली असे मात्र नाही. ती त्वचा मऊ ठेवण्याचे काम करीतच असते. पण आंबूस, खवट वास येऊ लागला, पाणी सुटले, बुरशीचे ठिपके दिसले, तर ती टाकून द्यावी. वास जाणे वेगळे आणि वास बदलणे वेगळे. हा फरक लक्षात ठेवला तर चांगली वस्तू फेकली जाणार नाही आणि वाईट वस्तू तोंडाला लागणार नाही.

करून पाहा

तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या, असा मार्ग दाखवला. मग आमच्या सांगण्यावरही विसंबू नका. मुलांना सोबत घेऊन हे दोन प्रयोग करा. खर्च एका लिंबाचा.

पहिला प्रयोग. वहीच्या कागदाच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर लिंबाची साल पिळा, दुसरीवर चंदनाच्या किंवा वाळ्याच्या अत्तराचा एक थेंब लावा. लगेच, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वास घ्या. मुलांना वहीत वेळ आणि निरीक्षण लिहायला सांगा. लिंबू सकाळपर्यंत टिकते का, ते तेच सांगतील.

दुसरा प्रयोग. दोन वाट्या घ्या. एकीत चमचाभर पाणी, दुसरीत चमचाभर करडईचे किंवा सोयाबीनचे तेल. दोन्हींत लिंबाची साल सारखीच पिळा आणि वाट्या उघड्या ठेवा. सुरुवातीला कोणती वाटी जास्त वास देते आणि संध्याकाळी कोणत्या वाटीत वास उरतो, हे पाहिले की स्नो आणि कोल्ड क्रीमचा फरक पाठ करावा लागणार नाही.

बचत गटाच्या भगिनींसाठी

आपल्या कित्येक भगिनी बचत गटांतून साबण, उटणे, क्रीम करण्याचा विचार करतात. त्यांची नेहमीची अडचण ही की करताना घरभर सुवास दरवळतो आणि विक्रीच्या दिवशी डबीत काही उरत नाही. आता कारण कळले असेल. घरभर दरवळला तो मालातलाच सुगंध होता.

क्रीम करताना तेलाचा भाग आणि पाण्याचा भाग सत्तर-पंचाहत्तर अंशांपर्यंत तापवून एकत्र करतात आणि ढवळत ढवळत थंड करतात. सुगंध गरम असताना घालायचा नसतो. मिश्रण चाळीस अंशांच्या आसपास आले, म्हणजे भांड्याला बाहेरून हात सहज लावता येऊ लागला, की मग घालावा, हलक्या हाताने ढवळावा आणि लगेच भरून झाकण लावावे. डबी लहान घ्यावी आणि काठोकाठ भरावी. सुगंध निवडताना नुसता लिंबू-संत्रा न घेता त्याला जड वासाची जोड द्यावी.

मात्र दोन गोष्टी विसरू नका. जिथे पाणी आहे तिथे बुरशी आणि जंतू येतात, त्यामुळे योग्य परिरक्षक घातल्याशिवाय क्रीम टिकत नाही. आणि विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. आधी शिकावे, परवाना काढावा, मग धंदा करावा.

नाकाला जे कळत नाही

आता सगळ्यांत महत्त्वाचे. सुगंध क्रीमबद्दल काहीच सांगत नाही. ती चांगली आहे हेही नाही, आणि घातक आहे हेही नाही.

गोरे करण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये पारा घातलेला असतो. त्वचेच्या क्रीममध्ये पारा घालायला कायद्याने मनाई आहे. पाऱ्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि पोटातल्या बाळालाही धोका असतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. त्वचेच्या क्रीममुळे तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्या क्रीममध्ये पारा निघाला.

वास उडतो तसा पाराही उडतो. पण त्याला वास नाही, नाकाला पत्ता लागत नाही. अशा क्रीममधील पारा टॉवेल, उशी, हाताचा स्पर्श आणि घरातली हवा यांच्या वाटेने, क्रीम न लावणाऱ्या लेकराबाळांच्या अंगातही गेल्याचे आढळले आहे. वरून गुलाबाचा सुगंध घातलेला असला की संशयही येत नाही.

म्हणून डबी नाकाला लावण्याआधी डोळ्यांपुढे धरा. बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरण्याची शेवटची तारीख आणि घटकांची यादी, एवढे छापलेले असलेच पाहिजे. घरात शिकलेली मुलगी असेल तर तिच्याकडून वाचून घ्या. आठवड्यात गोरे करण्याचे वचन देणारी, नाव-पत्ता नसलेली डबी कितीही सुवासिक असली तरी परत करा. गोरेपणाचा हव्यास हा जातीच्या उतरंडीचाच भाऊबंद आहे. 'फेअर अँड लव्हली' हे १९७५ पासूनचे नावही कंपनीला २०२० मध्ये बदलावे लागले. आपण तर त्या हव्यासाचे ओझे १९५६ सालीच नागपूरला उतरवून ठेवायला हवे होते.

शीलाचा आणि शिक्षणाचा सुगंध

वासाचे आणि आपल्या समाजाचे नाते कडू आहे. गावाची घाण ज्यांच्याकडून उपसून घेतली, मेलेली ढोरे ज्यांच्याकडून ओढून घेतली, त्यांनाच वास येतो म्हणून दूर बसवले. वास कामाचा होता, माणसाचा नव्हता. हवेत उडणाऱ्या कणांना जात नसते. ते देशमुखाच्या नाकात आणि आमच्या नाकात सारखेच शिरतात. पण हे समजायला रसायनशास्त्राच्या आधी माणुसकी लागते.

धम्मपदाच्या पुष्पवर्गात चंदन, तगर, कमळ आणि वस्सिकी यांच्या सुगंधाची शीलाच्या सुगंधाशी तुलना केली आहे. विहारात फुले वाहताना, उदबत्ती लावताना आपण ती ऐकत आलो आहोत. आता तिच्यातली एक बारीक गोष्ट मुलांना दाखवून द्या. वास वाऱ्याच्या दिशेनेच जातो, हे त्या काळच्या माणसांनी डोळे आणि नाक उघडे ठेवून पाहिले होते. निरीक्षण आधी, उपदेश नंतर.

मुलांना या विषयाची गोडी लागली तर वाटा आहेत. बाबासाहेबांनी १९५० मध्ये मराठवाड्यात कॉलेज काढले. त्याला त्यांनी नागसेन भिक्खूंना प्रश्नावर प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव दिले. कंधारला शिवाजी कॉलेज आहे, नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. माटुंग्याच्या ज्या संस्थेला जुने लोक यूडीसीटी म्हणत, ती १९३३ मध्ये सुरू झालेली रासायनिक तंत्रशास्त्राची संस्था आज आयसीटी म्हणून ओळखली जाते, आणि २०१८ पासून तिचे मराठवाड्यातील केंद्र जालन्यात आहे. तेल, साबण, रंग, सुगंध यांचे शास्त्र शिकलेल्या माणसाला कारखान्यात मागणी असते. कटलरीच्या दुकानात डबी हुंगणाऱ्या आईची मुलगी उद्या त्या डबीतला सुगंध तयार करणारी रसायनशास्त्रज्ञ का होऊ नये?

तोवर साधे नियम पाळा. डबी लहान घ्या, झाकण घट्ट लावा, थंड कोपऱ्यात ठेवा, लेबल वाचा. डबीचा वास दोन महिन्यांत जाईल. त्या निमित्ताने मुलांनी केलेले प्रयोग आणि विचारलेले प्रश्न मात्र घरात राहतील.

पुढच्या वेळी या सदरात आम्ही साबण कपड्यांचा मळ कसा काढतो ते पाहणार आहोत. प्रयोगांच्या वह्या सांभाळून ठेवा. जय भीम.